‘पिण्यास योग्य’ रिपोर्ट हातात असताना पाण्यातलं पीफास कसं तपासून घ्यावं?

चिपळूणच्या एका ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं: लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत पीफास (PFAS) ही तेल-पाणी दूर ठेवणारी रसायनं बनवणाऱ्या इटलीतल्या जुन्या कारखान्याची यंत्रं आल्याच्या बातम्या वाचल्यापासून मनाला चैन नाही. घरात सव्वा वर्षाचा नातू आहे. नळाच्या पाण्याचा सरकारी प्रयोगशाळेतला रिपोर्ट काढून आणला, त्यावर ‘पिण्यास योग्य’ असं लिहिलं आहे. मग निर्धास्त राहावं का? नाहीतर पीफासची तपासणी कुठे आणि कशी करून घ्यायची? तोवर परसातल्या विहिरीचं पाणी प्यावं की आरओ बसवावा?

ताई, रत्नागिरी जिल्ह्यात पाणी तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमच्या हातातला रिपोर्ट खोटा नाही. पण तुम्हाला पडलेला प्रश्न त्या रिपोर्टला कोणी विचारलेलाच नाही. त्यात काय काय तपासलं ते एकदा बोट ठेवून वाचा. सामू, गढूळपणा, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फ्लोराइड आणि खाली कोलिफॉर्म जंतू. तालुक्याच्या प्रयोगशाळेत रोज होणारी तपासणी एवढीच असते, आणि ती फार मोलाची आहे. कोकणात पाण्याने माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळेच. पण आपल्या पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, त्याच्या २०१२च्या आवृत्तीत पीफासला मर्यादाच दिलेली नाही. मर्यादा नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून रिपोर्टात ओळ नाही. एक गल्लत टाळा: रिपोर्टातलं ‘फ्लोराइड’ म्हणजे पीफास नव्हे. पीफासमध्ये फ्लोरिन असतं, पण ते कार्बनला असं घट्ट चिकटलेलं असतं की फ्लोराइडच्या चाचणीत ते दिसत नाही.

‘जे विचारलं तेवढंच रिपोर्ट सांगतो’ हे मला शिकवलं ते खाडीकाठच्या एका गावाने. मी नोकरीला नवीन होतो. तिथल्या बायकांची तक्रार होती की नळाच्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो. तीन वेळा नमुने आले, तिन्ही वेळा आम्ही ‘योग्य’ लिहून दिलं. चौथ्यांदा मी स्वतः गेलो. ओढ्याकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे योजनेचं पाणी उपसतात त्या विहिरीतून, कळशीभर पाणी काढलं, तर त्याला काही वास नव्हता. तिथे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “हितं नाय येत वास. नळाला आलं की येतो.” जॅकवेल आणि नळ यांच्यामध्ये त्या पाण्यात एकच गोष्ट पडत होती, ती म्हणजे क्लोरीन. फिनॉल नावाच्या रसायनाशी क्लोरीन भिडलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि त्याचा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. मग फिनॉल तपासलं. मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, आणि पाण्यात होतं त्याहून जास्त. वरच्या अंगाला कोणी भंगारवाला केमिकलची रिकामी पिंपं ओढ्यात धुवत होता. आमच्या तिन्ही रिपोर्टांत एकही आकडा चुकीचा नव्हता. फिनॉलची ओळच नव्हती.

फिनॉलने निदान वास तरी दिला. पीफासला रंग, वास, चव काहीच नाही. डोळ्याने, जिभेने किंवा घरगुती किटने ते कधीच कळणार नाही. क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन दारात येणारा विक्रेता पीफासबद्दल काही सांगू लागला तर त्याला सरळ वाटेला लावा.

पीफास हे एकाच रसायनाचं नाव नाही. तेल आणि पाणी दोन्ही दूर ठेवणाऱ्या, माणसाने बनवलेल्या हजारो रसायनांचं ते कुळ आहे. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे, तेलाची आग विझवणारा फेस, क्रोम प्लेटिंगच्या टाक्या अशा अनेक ठिकाणी ही रसायनं वापरली गेली आहेत. त्यांतल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आणि पीएफओएसला ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात. कोलेस्टेरॉल वाढणं, बाळाचं जन्मवजन घटणं, लहान मुलांत लसीचा प्रतिसाद कमी होणं यांच्याशीही त्यांचा संबंध आढळला आहे. शरीरात गेलेलं पीएफओए अर्ध्यावर यायला काही वर्षं लागतात. एक घोट प्यायल्याने काही होत नाही. रोज, वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर ते साठतं.

इटलीत नेमकं असंच घडलं. व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावातला तो कारखाना १९६०च्या दशकापासून होता. आजूबाजूच्या भूजलात आणि नळांत पीफास आहे हे २०१३ मध्ये, नद्यांच्या एका अभ्यासातून बाहेर आलं. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न निघाला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने कारखान्याच्या ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. इतकी वर्षं तिथले पाण्याचे नेहमीचे रिपोर्टही ‘योग्य’ असेच येत असणार.

प्रमाण किती सूक्ष्म ते आधी मनात बसवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या प्रत्येकाला लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो. तेवढ्या वजनाचं पीएफओए ५० लाख लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला ४ नॅनोग्रॅम होतं. एवढं थोडं शोधायचं, तर नमुना घेणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे याचाही हिशेब ठेवावा लागतो.

बाटलीच्या आधी नकाशा घ्या. तुमचं पाणी कुठून येतं आणि रसायन कुठून येऊ शकतं, ते कागदावर काढा. लोट्याची वसाहत परशुराम घाटाच्या वर, जगबुडी आणि वाशिष्ठी यांच्यामधल्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, आहे. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने दाभोळच्या खाडीत, करंबवण्याकडे जातं, म्हणजे चिपळूण शहराच्या खालच्या अंगाला. त्यामुळे लोट्यातलं सगळं तुमच्या नळात येतं असं धरून चालू नका. पण तीन वाटा तपासाव्या लागतात. पहिली भरतीची: वाशिष्ठीत खाडीचं पाणी गोवळकोटपर्यंत वर चढतं. दुसरी सड्याच्या उतारावरचे पऱ्हे (छोटे ओहोळ) आणि पायथ्याच्या विहिरी. जांभा सच्छिद्र असतो, वर मुरलेलं पाणी खाली झऱ्याने बाहेर पडतं. या वाटेवर शहरापेक्षा पायथ्याच्या वाड्यांना जास्त धोका, आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तिसरी वाट लोक विसरतात: खेर्डी आणि गाणे-खडपोलीच्या वसाहती वाशिष्ठीलगत, शहराच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे पीफास आहेच असं मी म्हणत नाही, तसा माझ्याकडे पुरावा नाही. पण नदीचा नमुना घ्यायचा तर वरून येणारं पाणीही बघायला हवं.

नमुना कधी घ्यायचा यावर उत्तर बदलतं. वाशिष्ठीत कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, येतं. वीजनिर्मिती चालू असली की नदी भरून वाहते, बंद असली की उतरते. भरल्या नदीत कोणतंही रसायन पातळ होतं. म्हणून पहिला नमुना वैशाखात, नदी उतरलेली असताना. जॅकवेल भरतीच्या टप्प्यात असेल तर भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती सोडा, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण चढल्यावर घ्या. त्याच वेळी त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. ती साध्या मीटरवर मिनिटात कळते. एरवीपेक्षा वाहकता चढलेली दिसली, तर खाडीचं खारं पाणी तिथपर्यंत आलं हे ताबडतोब समजतं. दुसरा नमुना मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, नाले वाहू लागले की लगेच. वर्षभर जमिनीवर आणि गटारात साचलेलं त्या पाण्याबरोबर खाली येतं. श्रावणात घेतलेला नमुना स्वच्छ निघाला तर त्यावरून फारसं काही ठरत नाही.

जागा तीन: जॅकवेलचं कच्चं पाणी, शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आणि लाइनच्या शेवटच्या टोकाचा एक नळ. तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांनी पीफास निघत नाही, त्यामुळे तिन्ही ठिकाणचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. नळाचा आकडा कच्च्या पाण्यापेक्षा बराच जास्त आला तर आधी नमुन्यावर संशय घ्यायचा.

आणि इथेच बहुतेक तपासण्या फुकट जातात. एका पावसाळ्यात आम्ही सहा बाटल्या भरून पाठवल्या. सहाही बाटल्यांत पीफास निघालं. गावात बातमी फुटायच्या बेतात होती. सुदैवाने बरोबर सातवी बाटली होती. तिच्यात प्रयोगशाळेनेच दिलेलं, पीफास नसलेलं पाणी होतं. नमुना घ्यायच्या जागी ती उघडून तिथल्या तिथे रिकाम्या बाटलीत ओतायची आणि बंद करून परत पाठवायची. तिच्यातही पीफास निघालं! म्हणजे ते नदीतून आलेलं नव्हतं, आमच्याकडून आलेलं होतं. नमुना घेणारा मुलगा नवाकोरा रेनकोट घालून भर पावसात बाटलीवर वाकला होता, आणि रेनकोटावरून ओघळलेलं पाणी तोंडाशी टपकत होतं. सगळा संच बाद केला. या सातव्या बाटलीला ‘फील्ड ब्लँक’ म्हणतात. ती नसेल तर रिपोर्टाला पैसे देऊ नका.

म्हणून अंगावर बरेचदा धुतलेले सुती कपडे घाला. रेनकोट, पाणी न धरणारं जाकीट, क्रीम, सनस्क्रीन काही नको. पाऊस असेल तर पडवीत किंवा पंपघराच्या छपराखाली नमुना घ्या. हात धुऊन पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घाला. नळाची जाळी काढा. नळाच्या आट्यांवर प्लंबरने गुंडाळलेली पांढरी टेप बघा. ती टेफ्लॉनची असते, म्हणजे याच कुळातली. तिचे धागे तोंडाशी लोंबत असतील तर दुसरा नळ निवडा. गच्चीतल्या टाकीचं पाणी घेऊ नका, नगरपालिकेची थेट लाइन घ्या आणि पाणी पाच मिनिटं वाहू द्या. बाटल्या प्रयोगशाळेने पाठवलेल्या पॉलिप्रोपिलिनच्याच हव्यात. काचेला पीफास चिकटतं, आणि विकतच्या पाण्याची रिकामी बाटली मुळीच चालत नाही. आत थोडी पावडर दिसेल, ती क्लोरीनचा बंदोबस्त करायला असते, त्यामुळे बाटली विसळायची नाही आणि ओसंडेपर्यंत भरायचीही नाही. एका जागेच्या दोन बाटल्या भरा. तपासताना अख्खी बाटली वापरली जाते, आतल्या भिंतीसुद्धा धुऊन घेतात, त्यामुळे अर्धी आज आणि अर्धी उद्या असं करता येत नाही.

भरलेल्या बाटल्या थर्मोकोलच्या नव्या पेटीत ठेवा. मासळीची जुनी पेटी नको. साधा बर्फ दुहेरी पिशवीत घालून भोवती लावा, निळ्या जेलच्या पिशव्या टाळा. पहिल्या ४८ तासांत पाणी १० अंशांच्या वर जाऊ नये, म्हणून शनिवारी कुरिअर करू नका. तारीख, वेळ, जागा बॉलपेनने साध्या कागदावर लिहा.

तपासणी कुठे? आपल्या जिल्ह्यातल्या नेहमीच्या प्रयोगशाळांचं हे काम नव्हे. याला एलसी-एमएस-एमएस नावाचं यंत्र आणि ते चालवणारी सरावलेली माणसं लागतात. मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या खासगी प्रयोगशाळांकडे चौकशी करा. फोनवर ‘पीफास करता का?’ एवढं विचारून थांबू नका, सगळेच ‘हो’ म्हणतात. असं विचारा: तुमच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या यादीत पिण्याच्या पाण्यातलं पीफास आहे का? ती यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. पद्धत कोणती, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची ईपीए ५३३, ५३७.१ की आयएसओ २१६७५? यादीत कोणकोणती रसायनं आहेत? पीएफओए, पीएफओएस तर हवीतच, पण पीएफबीए आणि पीएफबीएस ही कार्बनच्या छोट्या साखळीची भावंडंही मागून घ्या, कारण जुन्यांवर बंदी आल्यावर उद्योग छोट्यांकडे वळले. आणि सर्वांत महत्त्वाचं, तुम्ही किती खालपर्यंत मोजू शकता?

या शेवटच्या प्रश्नावर भले भले फसतात. माझ्यासमोर एका गृहस्थांनी एक रिपोर्ट ठेवला होता. प्रत्येक ओळीपुढे ‘बीडीएल’, म्हणजे मोजण्याच्या मर्यादेखाली. ते खूश होते. मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात ०.१ मायक्रोग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे १०० नॅनोग्रॅम. त्यांच्या पाण्यात ९० नॅनोग्रॅम असतं तरी कागदावर ‘बीडीएल’च आलं असतं, आणि अमेरिकेची मर्यादा आहे ४. तीन किलोच्या खाली काटाच न हलणाऱ्या तराजूवर मोहरी मोजायची तशातला प्रकार. प्रत्येक रसायनाची मोजण्याची मर्यादा लिटरला २ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली असेल तरच पैसे भरा. एककही नीट बघा. मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, नॅनोग्रॅम या तिघांत प्रत्येक पायरी हजाराची आहे.

आकडा आला की कशाशी ताडायचा? आपल्याकडे मर्यादा नाही, म्हणून मी बाहेरच्या दोन वापरतो. एक अमेरिकेची, वर सांगितलेली. दुसरी युरोपची, ठरावीक २० पीफास मिळून लिटरला १०० नॅनोग्रॅम. हे माझं मत आहे, सरकारी नियम नाही: दोघं मुख्य ४ च्या खाली असतील तर वर्षातून एकदा तपासत राहा. ४ च्या वर पण एकूण १०० च्या आत असेल तर दुसऱ्या ऋतूत पुन्हा तपासा आणि उगम शोधायला लागा. एकूण १०० च्या वर गेलं तर पिण्या-स्वयंपाकाचं पाणी त्याच दिवशी बदला आणि नगरपालिकेला लेखी कळवा.

आता तुमच्या नातवाचं. तपासणी होईपर्यंत नळाचं क्लोरीनचं पाणी सोडून विहिरीकडे वळू नका. विहिरीतही पीफास तपासलेलं नाही आणि वर जंतूंची हमी नाही. सव्वा वर्षाच्या पोराला जुलाब झाले तर ते आजचं संकट आहे. पाणी उकळून पीफास जात नाही, उलट वाफ निघून गेली की उरलेल्यात किंचित वाढतं. पण जंतूंसाठी उकळत असाल तर ते चालू ठेवा. परवडत असेल तर आरओने पीफास बरंच कमी होतं. कार्बनच्या गाळणीनेही होतं, पण कार्बन भरला की तो सोडून देतो, आणि छोटी भावंडं सर्वांत आधी निसटतात, म्हणून कांड्या वेळच्या वेळी बदला. आरओच्या नळीतून निघणारं टाकाऊ पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नका. सून अजून अंगावर पाजत असेल तर या भीतीने ते मुळीच बंद करू नका. दुधाचे फायदे फार मोठे आहेत.

पण ताई, एकट्या घराने आरओ बसवला की शेजारची वाडी तेच पाणी पीत राहते. तुमच्या एका नळाच्या तपासणीला साध्या रिपोर्टाच्या कित्येक पट पैसे जातील. तेच दहा घरांनी मिळून वर सांगितलेल्या तीन जागांसाठी लावले तर गावाला उत्तर मिळेल. त्याच्याही आधी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या. पाणी पुरवणाऱ्याने पाणी तपासायचं असतं, ते तुमचं काम नव्हे. ‘पाणी शुद्ध आहे का’ असं लिहिलंत तर पुन्हा तोच ‘पिण्यास योग्य’चा कागद हातात येईल. असं लिहा: “जॅकवेलचे कच्चे पाणी, शुद्धीकरण केंद्राचे पाणी आणि वितरणाच्या शेवटच्या टोकाचे पाणी यांची पीएफओए, पीएफओएस, पीएफबीए, पीएफबीएस यांसह पीफाससाठी, लिटरला २ नॅनोग्रॅम मोजमर्यादेने, फील्ड ब्लँकसह, मे आणि जून अशा दोन वेळा तपासणी करावी आणि मूळ अहवाल नागरिकांना द्यावा.” पोच घ्या. तीस दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा: आजवर पीफाससाठी किती नमुने घेतले, कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणत्या पद्धतीने तपासले. उत्तर ‘निरंक’ आलं तरी तो कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जाला तो जोडायचा आहे.

तुम्ही स्वतः घेतलेला नमुना कारखान्यावर खटला भरायला चालत नाही हेही ध्यानात असू द्या. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१व्या कलमात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने, कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्यादेखत नमुना कसा घ्यायचा ते ठरवून दिलं आहे. मंडळाने नमुना घ्यायला निघावं म्हणून मात्र तुमच्या रिपोर्टातला आकडा पुरेसा असतो. रिपोर्ट आला की त्याचं शेवटचं पान, मोजमर्यादेचा रकाना आणि सातव्या बाटलीचा निकाल मला पाठवा, मी वाचून कळवतो.